जुना गाडा, जड इंजिन : डोळखांबची एक फेरी

कसाऱ्याच्या लोकलने निघालात की कल्याणनंतर टिटवाळा, खडवली, वाशिंद अशी स्टेशने मागे पडतात आणि आसनगाव येते. तिथे उतरायचे, जवळच्या शहापूरला जायचे आणि डोळखांबची एसटी धरायची. खिडकीजवळची जागा मिळाली तर सोडू नका. गाडी जसजशी पूर्वेला सरकते, तसतशी सह्याद्रीची भिंत मोठी होत जाते. त्या भिंतीत आजोबाचा डोंगर दिसतो. वाल्मीकी ऋषींचा आश्रम याच डोंगरावर होता आणि लव-कुश इथेच वाढले, असे इथली माणसे सांगतात. दिवाळीनंतर गेलात तर दोन्ही बाजूंना कापणी झालेली भाताची खाचरे, खळ्याशेजारी रचलेल्या उडव्या आणि उघड्या खिडकीतून आत येणारा ताज्या पेंढ्याचा वास, एवढे तुमच्या वाट्याला नक्की येईल.

शहापूर तालुका पाण्याचा आहे. मुंबई ज्यांचे पाणी पिते ते तानसा आणि भातसा हे तलाव याच तालुक्यात. डोळखांबच्या पुढे चोंढ्याला, अगदी घाटाच्या पायथ्याशी, घाटघर उदंचन जलविद्युत प्रकल्पाचे खालचे धरण आहे. वरच्या धरणातले पाणी खाली सोडून वीज करायची आणि विजेची मागणी कमी असते त्या वेळी तेच पाणी पंपाने पुन्हा वर चढवायचे, अशी ही योजना. प्रत्येकी १२५ मेगावॉटची दोन यंत्रे तिथे बसवली आहेत आणि ती २००८ साली सुरू झाली. एवढी मोठी वीज डोंगराच्या पोटात तयार होते. पण त्याच डोंगराखालच्या पाड्यावर अंगणात उभे राहून भात भरडायचे म्हटले तर अजूनही डिझेलच्या इंजिनाचा आधार घ्यावा लागतो. कारण घरातल्या दिव्या-पंख्याच्या जोडणीवर हलर चालत नाही आणि हलरला लागणारी तीन फेजची वीज काही दारोदार फिरवता येत नाही.

अशाच एका फिरत्या गाड्यापाशी आज तुम्हांला न्यायचे आहे. गाडा आमच्या मामांचा. डोळखांब हे माझे आजोळ.

हा गाडा म्हणजे दोन चाकांचा लोखंडी सांगाडा. त्यावर पुढे इंजिन, मागे हलर, आणि दोहोंच्या मध्ये पट्टे. दिवाळी ते पौष हा त्याचा हंगाम. सकाळी शेजाऱ्याचा ट्रॅक्टर तो ओढून एखाद्या पाड्यावर सोडतो आणि आपल्या कामाला निघून जातो. मग दिवसभर एका अंगणातून दुसऱ्या अंगणात गाडा माणसांनीच ढकलत न्यायचा. संध्याकाळी ट्रॅक्टर येऊन तो परत घेऊन जातो.

ज्यांच्या गावात गिरणी आहे त्यांना याचे मोल कळणार नाही. पाड्यावरच्या बाईला मणभर भात डोक्यावर घेऊन दोन-तीन मैल चालत गिरणीवर जायचे, नंबर लावायचा आणि तांदूळ, कोंडा घेऊन परत यायचे म्हणजे दिवस मोडतो. त्या दिवसाची मजुरी बुडते. आमच्या आजीच्या वेळी घिरट होते, उखळ होते, मुसळ होते. पहाटे कांडणाला बसले की उजाडेपर्यंत दोन वेळचा तांदूळ निघायचा. हलरने हे कष्ट संपवले. गंमत अशी, की ज्याला आपण अगदी गावठी यंत्र समजतो त्या हलरची मूळ कल्पना १८८५ च्या सुमाराची आणि ब्राझीलची. तिथल्या एंगेलबर्ग नावाच्या माणसाने ती काढली. लोखंडी दंडगोल फिरतो, भात जाळीवर घासले जाते, तूस सुटते आणि त्याच घासण्यात कोंडाही निघतो.

पण हलर तांदूळ खातोही. फिलिपिन्समधली आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था सांगते, की या जातीच्या हलरमधून शंभर किलो भाताचा तांदूळ साधारण ५३ ते ५५ किलोच निघतो. रबरी रोलरच्या चांगल्या गिरणीत तोच आकडा ६५ च्या पुढे जातो. म्हणजे हलर नीट चालला तरी घरधनिणीचे थोडे नुकसान ठरलेलेच आहे. तो वेडावाकडा चालला तर किती, हे पुढे येईलच.

मामांच्या गाड्यावर आधी पाच अश्वशक्तीचे, मिनिटाला १५०० फेऱ्यांचे इंजिन होते. छोटे, उभे आणि चपळ. बरीच वर्षे चालले. दोनदा बोअर करून झाले, तरी २०२३ च्या हंगामाआधी ते काळा धूर ओकू लागले. चढाचा घास आला की दम टाकायचे. त्याच सुमारास मुरबाडकडच्या एका शेतकऱ्याच्या विहिरीवर विजेचा पंप बसला आणि त्याचे जुने इंजिन रिकामे झाले. आठ अश्वशक्तीचे, ८५० फेऱ्यांचे, दोन्ही बाजूंना मोठाली चाके असलेले लिस्टर जातीचे इंजिन. किंमत भंगाराहून थोडी जास्त. मामांनी ते उचलले.

हे इंजिन तुमच्याही ओळखीचे असेल. इंग्लंडच्या लिस्टर कंपनीने १९३० च्या सुमारास संथ फेऱ्यांचे हे इंजिन काढले. तिकडे ते केव्हाच बंद झाले, पण राजकोटच्या कारखान्यांनी त्याच घडणीची इंजिने पुढेही वर्षानुवर्षे बनवली. आपल्या महाराष्ट्रातही इंजिनाची परंपरा जुनी. साताऱ्याला धनजीशा कूपर यांचा कारखाना १९२२ पासूनचा. हेच कूपर पुढे १९३७ साली काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ साली उभी राहिली. विहिरीवरची मोट सुटली ती अशा इंजिनांमुळे. संथ इंजिन टिकाऊ, दुरुस्तीला सोपे, पण वजनाने भारी. ते विहिरीकाठच्या सिमेंटच्या चौथऱ्यावर बसण्यासाठी घडलेले आहे. चाकांवर बसून गावोगाव फिरण्यासाठी नव्हे. मामांची चूक इथेच झाली, आणि ती तुम्ही करू नये म्हणून हा लेख.

फिटरने एका दुपारीत काम उरकले. जुने इंजिन उतरवले, त्याच अँगलवर चार नवी भोके पाडली आणि नवे इंजिन चढवले. इंजिनाबरोबर आलेली बारा इंची पुली तशीच ठेवली. नारळ फुटला. इंजिन पहिल्याच हँडलला सुरू झाले आणि ‘धड् धड् धड्’ असा भरदार आवाज घुमला. मामांच्या चेहऱ्यावर मला लहानपणीचा बैल-पोळा दिसला.

दुसऱ्या दिवशी पाड्यावर मीही बरोबर होतो. हलर भराभर भात गिळत होता. जुन्या इंजिनाला घाम फुटायचा तेवढा घास हा सहज घेत होता. पण तासाभरात एकेक गोष्ट दिसू लागली. गाडा जागेवर राहीना. प्रत्येक ठोक्याला तो किंचित उडायचा आणि वीतभर पुढे सरकायचा. चाकाखालच्या दगडांच्या उटी निसटून जायच्या. दुसऱ्या अंगणात नेण्यासाठी दांडी उचलायला गेलो, तर पूर्वी एका माणसाने उचलायची ती दांडी तिघांना जड झाली. एका आजीने सूप हलवले, तांदूळ तळहातावर घेतला, उन्हात धरला आणि मामांपुढे केला.

“भाऊ, ही कणी कोणाला खाऊ घालू?”

निम्मे दाणे मोडलेले होते आणि तांदूळ हाताला चटका बसेल इतका गरम होता.

तेवढ्यात जे झाले ते मला विसरता येत नाही. सूप घेऊन उभ्या असलेल्या एका मुलीच्या ओढणीचा पदर वाऱ्याने उडाला आणि पट्ट्यात गेला. ओढणी गळ्याला गुंडाळलेली नव्हती, नुसती खांद्यावर होती, म्हणून सर्रकन निसटून गेली. मामांनी त्याच क्षणी डिझेल बंद केले. पण ती भारी चाके काही थांबेनात. जुने इंजिन बंद केले की चटकन गप्प व्हायचे. हे फिरतच राहिले, आणि ओढणीच्या चिंध्या पुलीवर फटफट आपटत राहिल्या. मुलगी भिंतीला टेकून पांढरीफटक उभी होती. कोणी काही बोलले नाही.

मामांनी त्या दिवशी पुढे एक दाणाही भरडला नाही. आजीच्या भाताचे पैसे घेतले नाहीत. हंगाम ऐन भरात होता, लोक वाट पाहत होते, इंजिनाचे थोडे पैसे अजून द्यायचे होते. घरी मी म्हणालो, “मामा, जाळी तेवढी लावू आणि उद्या चालू करू.”

मामी चुलीपाशी होत्या. त्या म्हणाल्या, “लोकांच्या तांदळाची कणी करून आलेला पैसा आपल्याला पचायचा नाही. गाडा नीट होईल तेव्हाच बाहेर काढा.”

गाडा आठ दिवस अंगणात उभा राहिला. त्या आठ दिवसांत आम्ही जे हिशेब केले ते तुमच्यासमोर ठेवतो. यंत्र हलर असो, मळणीचे असो की पंप असो, चाकांवरच्या कोणत्याही यंत्राला जड इंजिन बसवताना हेच हिशेब लागतात.

पहिला हिशेब वेगाचा. याला अवजारे लागत नाहीत. इंजिनाच्या पाटीवरच्या फेऱ्या गुणिले इंजिनाच्या पुलीचा व्यास, भागिले यंत्राच्या पुलीचा व्यास, की यंत्राच्या फेऱ्या मिळतात. मामांच्या हलरच्या पाटीवर ७५० फेरे लिहिलेले आहेत आणि त्याची पुली दहा इंची. जुन्या इंजिनाला पाच इंची पुली होती : १५०० गुणिले ५, भागिले १०, म्हणजे बरोबर ७५०. नव्याला बारा इंची : ८५० गुणिले १२, भागिले १०, म्हणजे १०२०. हलर सव्वापटीहून जास्त वेगाने धावत होता. दाणा गरम होऊन फुटत होता तो यामुळे. इंजिन संथ आहे म्हणून यंत्रही संथ चालेल असे आम्ही सगळ्यांनी धरले होते. फितीने एक माप घेतले असते तर आजीचा तांदूळ वाचला असता. नऊ इंची पुली घातली की ७६५ फेरे येतात. ते चालते. पंधरा फेऱ्यांनी हलरचे काही बिघडत नाही.

दुसरा हिशेब जोराचा. पाचाच्या जागी आठ अश्वशक्ती म्हणजे दीडपटीहून थोडे जास्त, असे वाटते. पण अश्वशक्तीत जोर आणि वेग दोन्ही मिसळलेले असतात. फेऱ्या कमी आणि शक्ती जास्त म्हटल्यावर दांड्यावरचा पिळाचा जोर किती वाढेल? एक मीटर लांबीची दांडी इंजिनाच्या दांड्याला लावली, तर जुने इंजिन तिच्या टोकाला सुमारे २.४ किलोचा जोर देत होते. नवे देते सुमारे ६.७ किलो. म्हणजे जवळजवळ तिप्पट. हा पीळ इंजिनाचे पाय, बोल्ट आणि खालचे लोखंड सोसते. पट्ट्याचे तसे नाही. पुली योग्य असेल तर पट्ट्याचा वेग पूर्वीइतकाच राहतो, म्हणून त्याच्यावरचा ताण शक्तीच्याच प्रमाणात, दीडपटीच्या आसपास वाढतो. आम्ही दोन पट्ट्यांच्या जागी तीन घेतले, तिन्ही एकाच वेळी आणि एकाच मापाचे. एक नवा आणि दोन जुने असे कधी घालू नका. नवा आखूड असतो, सगळा भार त्याच्यावर पडतो आणि तोच आधी तुटतो. दोन्ही पुल्या एका रेषेत आहेत की नाहीत हे सुतळी ताणून पाहावे. सुतळी चारही कडांना एकाच वेळी टेकली पाहिजे.

तिसरा हिशेब वजनाचा, आणि इथे आमची सर्वांत जास्त फसगत झाली होती. जुने इंजिन १३० किलोचे. नवे काट्यावर ३५० किलो भरले. इंजिन चाकांच्या आसापासून दोन फूट पुढे, हलर १५० किलोचा आणि एक फूट मागे, दांडीचे टोक सहा फूट पुढे. लहान मुलांच्या सीसॉचाच हा हिशेब. पूर्वी पुढच्या बाजूला १३० गुणिले २ म्हणजे २६०, मागे १५०; फरक ११०, भागिले ६, म्हणजे दांडीच्या टोकावर सुमारे १८ किलो. नव्या इंजिनाने पुढची बाजू ७०० झाली. फरक ५५०, म्हणजे टोकावर ९२ किलो. सांगाड्याचे वजन यात धरलेलेच नाही. अंगणातून अंगणात ती दांडी उचलणाऱ्या माणसाच्या कमरेचे काय होईल याचा विचार करा. उपाय साधा होता. इंजिन मागे सरकवून आसापासून अकरा इंचांवर आणले, तेव्हा टोकावरचा भार सुमारे २८ किलो राहिला. मात्र इंजिन आसावर किंवा आसाच्या मागे नेऊ नये. दांडी हलकी झाली की ट्रॅक्टरच्या मागे गाडा डावा-उजवा झोके खातो आणि उतारावर दांडी उचलते.

इंजिन मागे आल्याने पट्ट्यांची लांबी बदलली. म्हणून पट्टे सगळ्यांत शेवटी, सर्व जागा पक्क्या झाल्यावर घ्यावेत. आमचे पट्टे आधी आणले होते. ते बदलून आणायला शहापूरची एक फेरी पडली.

चौथा हिशेब बैठकीचा. हे इंजिन दर दोन फेऱ्यांना एकदा ठोका देते, म्हणजे सेकंदाला सात ठोके. ते चौथऱ्यात मुरवायचे असतात, पण आपल्यापाशी चौथरा नाही. तेव्हा सांगाडा मजबूत हवा आणि तो जमिनीवर टेकलेला हवा. अँगल काढून आम्ही ७५ मिलिमीटरचे चॅनेल घातले, इंजिनाच्या पायांखाली दोन आडवे चॅनेल टाकले आणि पाय व लोखंड यांच्यामध्ये ऐनाच्या जाड फळ्या ठेवल्या. बोल्ट आरपार, खाली स्प्रिंग वॉशर आणि दुहेरी नट. पहिल्या दहा तासांनंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळायचे, हे मामांनी खडूने चॅनेलवरच लिहून ठेवले. चार कोपऱ्यांना चार टेकू केले, स्क्रूने वरखाली होणारे. पाड्यावर पोचले की आधी टेकू लावायचे आणि चाकांवरचा भार थोडा उचलायचा. टायर हवेचे असतात, उसळी तेच देतात. टेकू लागल्यावर गाडा वीतभरसुद्धा सरकला नाही.

पाचवा हिशेब पाण्याचा. तो कोणाच्याच ध्यानात नव्हता. हे इंजिन पिंपातल्या पाण्याने थंड होते. दोनशे लिटरचे पिंप म्हणजे दोनशे किलो वजन! जुना गाडा सगळा मिळून चारशे किलोचा. नवे चॅनेल आणि नवे इंजिन धरून तो ६७० वर गेला. भरलेले पिंप धरले की ८७०, म्हणजे दुपटीहून जास्त. आस आणि टायर जुनेच. तेव्हा ठरले, पिंप रिकामेच न्यायचे आणि पाड्यावर भरायचे. पाड्यावर बायका पाणी लांबून आणतात, म्हणून ते पाणी मामा ओढ्यावरून स्वतः भरतात. बेअरिंग मात्र बदलून घेतले आणि टायरही जास्त भाराचे घातले.

सहावा हिशेब माणसाचा. पट्टा आणि दोन्ही पुल्या पूर्ण झाकणारा जाळीचा पेटारा केला. इंजिनाच्या दोन्ही बाजूंच्या चाकांनाही जाळी केली, कारण बंद केल्यावरही ती बराच वेळ फिरतात. जड इंजिन घेताना ही गोष्ट कोणी सांगत नाही : ते सुरू व्हायला जसे बळ लागते तसा थांबायला वेळ लागतो. धुराड्याचा नळ सरळ वर काढला, ठिणगी पेंढ्यावर पडू नये म्हणून. गाडा पेंढ्याच्या उडवीजवळ लावायचाच नाही. आणि गाड्याभोवती सुतळीचे रिंगण करायचे. बायकांनी भात रिंगणाबाहेर द्यायचे, तांदूळ रिंगणाबाहेर घ्यायचा.

डिझेलचेही सांगतो. पूर्ण भारावर एका अश्वशक्तीला तासाला पाव लिटरच्या आसपास डिझेल लागते. पाचाचे इंजिन सव्वा लिटर घेत असेल तर आठाचे पावणेदोन ते दोन लिटर घेणार. तासाचा खर्च वाढतो. पण तासात भातही जास्त भरडले जाते. मणामागचा खर्च वाढला नाही तर व्यवहार ठीक समजावा. इंजिन मोठे आणि काम तेवढेच असेल तर जुन्यालाच रिंगा-पिस्टन घातलेले बरे.

गाडा अंगणात असताना रोज कोणी ना कोणी पाहायला येई. एकाने मामांना सुचवले, “आठ अश्वशक्ती हाताशी आहे, तर गाड्यावर करवतीचे पातेही बसव. शेतावरचे ओंडके जागच्या जागी चिरून देशील. हलरपेक्षा जास्त सुटतील.”

कल्पना तशी वाईट नाही. अमेरिका-कॅनडात चाकांवरच्या आरागिरण्या आहेत. तिथे ओंडका गिरणीकडे जात नाही, गिरणी ओंडक्याकडे जाते. तिथेही जुन्या गाड्यावर मोठे इंजिन चढवताना वजन, पुली आणि बैठक यांचे हेच हिशेब मांडावे लागतात. पण आपल्याकडे गोष्ट वेगळी आहे, आणि ती प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक असावी. डोळखांब हे वनखात्याचे एक परिक्षेत्र आहे. सभोवती साग आणि ऐनाचे रान आहे. सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन खटल्यात दिलेल्या आदेशानंतर देशभर विनापरवाना आरागिरण्यांवर टाच आली. २०१६ साली केंद्र सरकारने लाकडावर चालणाऱ्या उद्योगांसाठी मार्गदर्शक तत्त्वेही काढली. आरागिरणीला परवाना लागतो. झाड आपल्या बांधावरचे असले तरी साग, ऐन, खैर, मोह, आंबा, फणस, जांभूळ अशी झाडे महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत; परवानगीशिवाय ती तोडता येत नाहीत. आदिवासी खातेदारांच्या झाडांच्या विक्रीसाठी १९६९ चा आणखी एक कायदा आहे, आणि तो त्यांची फसवणूक होऊ नये म्हणून आहे. रात्रीतून एखाद्या पाड्यावर जाऊन ओंडका चिरून परत येणारा करवतीचा गाडा या रानाला परवडणारा नाही.

मामांनी एवढे कायदे सांगितले नाहीत. त्यांनी इंजिनाच्या पायाखालची ऐनाची फळी दाखवली आणि म्हणाले, “ही फळी परवान्याच्या वखारीतून आणली. पावती घरात आहे. दहा मिनिटांचं काम होतं, त्याला अर्धा दिवस गेला. पण मी रोज ह्याच रस्त्यानं जातो. फॉरेस्टचा माणूस समोर आला तर मला मान खाली घालायची नाही.”

तो विषय तिथेच संपला.

नवव्या दिवशी गाडा पुन्हा त्याच पाड्यावर गेला. मामांनी मुद्दाम तेच अंगण निवडले. टेकू लागले, पिंप भरले, रिंगण झाले. त्या मुलीसाठी मामींनी नवी ओढणी दिली होती. ती घेताना मुलगी लाजली आणि रिंगणापासून चांगली चार हात लांब जाऊन उभी राहिली. इंजिन सुरू झाले. ठोका तोच, पण गाडा आता जमिनीत रोवल्यासारखा होता. पिंपावर ठेवलेला पितळी पेला हलत होता, पण पडत नव्हता.

आजीने पहिले सूप भरून घेतले. तांदूळ तळहातावर ओतला, बोटाने पसरला, उन्हाकडे धरून पाहिला. एक दाणा दाताखाली फोडला. मामा इंजिनापाशी उभे होते, पण त्यांचे लक्ष सगळे तिकडे होते. कणी होती, हलर म्हटला की थोडी असतेच. आजी काही बोलल्या नाहीत. तांदूळ टोपलीत ओतला, घरात गेल्या आणि भाताची दुसरी गोणी फरफटत बाहेर घेऊन आल्या.

संध्याकाळी ट्रॅक्टर यायला उशीर झाला. अंधार पडत होता. आजोबाच्या डोंगराची कड तेवढी आभाळात दिसत होती. शेवटचे घर वरच्या अंगाला होते आणि तिथल्या म्हाताऱ्याला पायलीभरच भात भरडून हवे होते. मामांनी पिंपाची तोटी सोडून पाणी ओतून दिले, टेकू वर घेतले आणि दांडीला एकट्यानेच हात घातला. दांडी उचलली गेली. मी मागून ढकलू लागलो.

तुमच्या गावातही कोणी जुन्या गाड्यावर नवे इंजिन चढवत असेल. फिटर येण्याआधी त्याच्या अंगणात जा. बरोबर एक फीत, एक पेन्सिल आणि सुतळीचा गुंडा न्या. दोन्ही पाट्या वाचा, दोन्ही पुल्या मोजा, इंजिन काट्यावर घाला. हे सगळे अर्ध्या तासाचे काम आहे. आम्हांला त्याला आठ दिवस आणि एक ओढणी लागली.